ट्रक, कुत्रे आणि नद्या

मुलुंड पूर्व,
मार्च, रविवार दुपार

प्रिय गंधाली,

बाबाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. तब्येत ठीक आहे. बीपीची गोळी सकाळी घेतो. डब्याची भाजी बरी असते, फक्त बुधवारी तोंडली असतात, ती मी शेजारच्या शाहबेनना देऊन टाकतो. बाथरूमचा गळका नळ दुरुस्त झाला. तू फोनवर जे जे विचारतेस त्याची उत्तरं आधीच देऊन टाकली, म्हणजे पुढची पानं आपल्याला मोकळी मिळतील. मुलुंडहून बोरिवलीला हातानं लिहिलेलं पत्र पाठवणारा सध्या मी एकटाच असणार. स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मागितलं तर त्या माणसानं आहेराचं पाकीट पुढे केलं, वर सोनेरी गणपती आणि चिकटवलेलं नाणं. साधं पाकीट मिळायला आणखी दोन दुकानं फिरावी लागली.

फोनवर हे जमलं नसतं. फोनवर आपलं आता ठरून गेलंय. तू 'बाबा, जेवलास का' म्हणतेस, मी 'हो' म्हणतो. तू 'काय ऐकतोयस सध्या' म्हणतेस, मी 'एक झकास अल्बम आलाय' म्हणतो. मग मागून केतन 'अगं' म्हणत काहीतरी विचारतो, तू 'बरं, ठेवते' म्हणतेस, आणि झालं. आई गेल्यापासून आपण दोघं एकमेकांशी इतकं छान वागतोय की मला त्याचा कंटाळा यायला लागलाय. पूर्वी आपण भांडायचो. तू शेकोटीचा पहिला अल्बम आणलास तेव्हा मी 'पोरांना अजून सूर लावायचा आहे' म्हटलं म्हणून तू ताटावरून उठून गेली होतीस, चांगली नोकरी करणारी लग्नाची मुलगी. आई म्हणाली होती, 'दोघांना मिळून एक कान दिलाय देवानं, त्याच्यावरून मारामारी चाललीय.' हल्ली मी कशालाही झकास म्हणतो आणि तू कशालाही 'हो ना बाबा' म्हणतेस.

खरं सांगायचं तर आई गेल्यापासून मला काहीच वाटत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, दुःख फार झालं की असं होतं. मला दुःख फार झालंय का तेच कळत नाहीये. दाढेत इंजेक्शन दिल्यावर आपण गालाला बोट लावून बघतो ना, बोटाला गाल कळतो पण गालाला बोट कळत नाही, तसं चाललंय. स्मशानातून आलो, आंघोळ केली. तेराव्याला लोकांना आग्रह करून जिलबी वाढली. रेशनकार्डावरचं नाव कमी करून आणलं, त्या बाईंनी 'सॉरी हं काका' म्हटलं, मी 'चालायचंच' म्हटलं. कल्याणची आत्या सगळ्यांना सांगत होती की मधुकर फार धीराचा. मला धीर वगैरे काही धरावाच लागला नव्हता. धरायला आधी काहीतरी अंगावर यायला हवं.

हे सगळ्यात आधी कळलं ते शुक्रवारच्या ऐकण्यात. आपल्या शुक्रवार मंडळाबद्दल मी तुला काय सांगणार, तू त्यातच वाढलीस. तरी एकदा ओळीनं लिहून बघतो, कारण हल्ली ओळीनं लिहिल्याशिवाय मला काही दिसत नाही. जगभरात नवे अल्बम शुक्रवारी येतात म्हणून आमचं नाव शुक्रवार मंडळ. मी, वर्सोव्याचा चंदूकाका, घाटकोपरचा भीमराजकाका आणि मानखुर्दची लतामावशी. तरुणपणी धोबीतलावच्या रंगभवनात तासन्‌तास उभं राहून बँड ऐकले, तेव्हापासूनची ओळख. पण मंडळाचा नियम भीमराजनं घातला आणि त्या नियमावरच मंडळ टिकलं: एका वर्षापेक्षा जुनं काही ऐकायचं नाही. आमच्या वयाची माणसं जमली की आपापल्या कॉलेजातली गाणी लावून उसासे टाकत बसतात, ते आपल्याकडे नको. ज्यानं जुनं नाव काढलं त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. सगळ्यात जास्त चहा लतानं केलाय. तर आम्ही चार निवृत्त माणसं दर शुक्रवारी वाटून घेऊन नवं ऐकतो. इंडी आणि रूट्स रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या वाऱ्याला उभं न राहिलेलं, बेंजो, हार्मोनिका, स्टील गिटार, गावाकडचा गळा आणि खाली पक्का ड्रम. बँडची नावं आमच्या एकाच्याही लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्हीच बारशी करतो. एक कॅनडातला माणूस आहे तो सुतार, कारण तो खरोखर सुतार आहे. शिलाँगकडची चार पोरं म्हणजे शेकोटी. दोन बायका एकाच माइकमध्ये तोंड घालून गातात त्या जुळ्या, जरी त्या सख्ख्या बहिणीसुद्धा नाहीत. रविवारी बहुतेक आपल्याकडे, नाहीतर बाकीच्यांपैकी कोणाच्या तरी घरी जमायचं, निवडलेला अल्बम मध्ये न बोलता, न थांबवता शेवटपर्यंत ऐकायचा, आणि रात्रीच्या आत मी त्याची शिफारस लिहायची. ती व्हॉट्सअपवरून कुठल्या कुठल्या उपनगरांतल्या शेदोनशे ऐकणाऱ्यांकडे जाते. त्यातल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही, पण ते ऐकतात आणि पटलं नाही तर तोंडावर सांगतात.

आई मंडळात कधी बसली नाही आणि कधी उठूनही गेली नाही. ती हॉलच्या कडेला शेंगा सोलत असायची, नाहीतर उसवलेलं काहीतरी शिवत. इंग्रजी तिला चांगलं येत होतं, पण ती शब्दांकडे लक्षच देत नसे. अल्बम संपला की एक वाक्य टाकायची. सुताराबद्दल म्हणाली, 'ह्याचं घरी कोणी ऐकत नाही, म्हणून इथे येऊन गातोय.' तो एक दाढीवाला फार गाजला होता, ज्याला बक्षिसं वगैरे मिळाली, त्याला ऐकून म्हणाली, 'खोटं रडतोय रे हा. नाक बघ, जरासुद्धा चोंदलेलं नाही.' जुळ्यांना म्हणाली, 'ह्या गाण्याआधी भांडल्यात आणि गाणं संपल्यावर पुन्हा भांडणार आहेत.' हे वाक्य मी शिफारशीच्या खाली 'कुंदाचा शेरा' म्हणून टाकायचो. लोक माझं स्टील गिटारवरचं पांडित्य ओलांडून थेट शेऱ्याकडे जायचे, हे मला माहीत होतं. चिडायचो, पण शेरा कधी गाळला नाही.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या शुक्रवारी तिनं आपण होऊन विचारलं, 'आज काही आलं नाही का?' तू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होतीस. मी फोनवर एक नवा अल्बम लावला, इयरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. तिसऱ्या गाण्याला ती झोपली. नियम म्हणून मी शेवटपर्यंत ऐकला. शेरा राहिला. त्या अल्बमची शिफारस मी लिहिली नाही आणि आता तो कसा होता ते मला आठवत नाही. दोन दिवसांनी ती गेली.

दिवाळीनंतर मंडळ पुन्हा सुरू झालं, तेव्हा शेऱ्याचं नाव कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही. अल्बम लागायचा. बेंजो डावीकडून येतोय, ड्रमवाल्यानं ब्रश वापरलेत, मागे कोणीतरी बाई सूर भरतेय, हे सगळं कळायचं. बाजारातून जाताना गाड्यांवर काय काय आलंय ते कळतं, घ्यायचं काहीच नसतं, तसं. म्हटलं वयानं कान गेले असतील, म्हणून तपासून घेतले. त्या डॉक्टर मुलीनं काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि वयाच्या मानानं कान उत्तम आहेत असं सांगितलं. मग मी येईल त्याला झकास लिहायला लागलो. एखाद्या गोष्टीला वाईट म्हणायचं तरी आतून काहीतरी उठावं लागतं. झकास म्हणायला काही लागत नाही. वीस वर्षं ज्याच्या तोंडून 'ठीक आहे' काढायला लोकांचे घाम निघाले, तो मी दर रविवारी झकास म्हणत होतो, आणि मंडळातलं कोणी मला त्याबद्दल एका शब्दानं छेडलं नाही. खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता.

संशय आला तो फेब्रुवारीत, तोही दुसऱ्यानं आणून दिला. दहिसरची राधा म्हणून एक मुलगी आमच्या ऐकणाऱ्यांत आहे. चेकनाक्याजवळ राहते, कुठल्याशा ऑफिसात अकाउंट्स बघते, एवढंच मला माहीत. आई गेल्याचं तिला कळायचं कारण नव्हतं, आपण ग्रुपवर ते टाकलंच नव्हतं. तिनं लिहिलं, 'काका, एक विचारू? हल्ली तुमच्या अल्बममध्ये कोणी मरतच नाही यार. कोणाचा ब्रेकअपपण होत नाही. नुसते ट्रक, कुत्रे आणि नद्या. सगळं बरंय ना?' मी तिला अंगठा पाठवला. मग मागच्या शिफारशी काढून वाचल्या. पोरगी बरोबर बोलत होती. एक अख्खा अल्बम जुन्या ट्रकवर. एकात तीन कुत्रे, तिन्ही जिवंत. एक बाई बारा गाणी एका नदीच्या काठाकाठानं चालत जाते आणि तिला वाटेत कोणी भेटत नाही. हिवाळाभर मंडळानं मला वाहतूक, पाळीव प्राणी आणि जलसंपदा ऐकवली होती, आणि मी सगळ्याला झकास म्हटलं होतं.

आता रूट्स रॉकमध्ये मुळात असतं काय, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. बायको सोडून जाते, नवरा पितो, आई मरते, घर विकलं जातं. त्यातून ते सगळं वगळायचं म्हणजे चहा गाळून टाकून द्यायचा आणि पत्ती कपात ठेवायची. ह्या लोकांनी केवढी मेहनत घेतली असेल! एवढे अल्बम आधी आपण ऐकायचे, एकेका गाण्यात कोणी दगावत नाही ना ते तपासायचं, आणि खात्री झाली की मधुकरला द्यायचा. मग मला एकेक आठवायला लागलं. चंदूच्या घरी एकदा सहावं गाणं सुरू होताच त्यानं 'चल रे, जेवण थंड होतंय' म्हणून अल्बम बंद केला होता. शेवटपर्यंत ऐकायचं हा नियम मोडला होता आणि मी निमूटपणे हात धुवायला उठलो होतो. लतानं एक शिफारस स्वतः लिहून पाठवली, 'तुला त्रास नको' म्हणून. भीमराजला फोन केला तर तो उकाड्यावर बोलायला लागला. भीमराजला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो हवामानावर बोलतो.

मग मी न कळवता वर्सोव्याला गेलो. घाटकोपरहून मेट्रोनं शेवटचं स्टेशन, पुढे रिक्षा. चंदू मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगला गेला होता. मथुरावहिनी दाराशी बसून सुक्या बोंबलांच्या जुड्या बांधत होत्या. मला बघून उठल्या, हात धुतले, चहा टाकला, आणि कप हातात देता देता म्हणाल्या, 'ताप गेला का तुमचा, भावजी? त्या दिशी यायला पायजे होतात. पोर लय रडली तुमची. माजा खांदा भिजला.' मला ताप आला नव्हता. मी 'हो का' म्हटलं. एवढं त्यांना पुरलं, पुढचं सगळं त्यांनीच सांगितलं. त्यांना वाटत होतं की मला माहीतच असणार.

म्हणजे जानेवारीतला तो रविवार, ज्या रविवारी मंडळातल्या कोणालाच जमत नाही असा मला मेसेज आला होता आणि तू फोनवर ऑफिसचं काम निघालंय म्हणाली होतीस. तुम्ही सगळे चंदूकडे जमला होतात. तो अल्बम लावला होता, जो मला द्यायचा नाही असं ठरलं होतं. कुठल्या डोंगराळ भागातला एक म्हातारा, बायको गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरात बसून एकट्यानं रेकॉर्ड केलेला. मागे फ्रिजची घरघर ऐकू येते म्हणून तुम्ही त्याचं नाव फ्रिजवाला ठेवलंत. चादरीच्या गाण्याचा अर्थ लतानं मथुरावहिनींना कानात सांगितला, की चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात आणि हा एकटाच एक टोक धरून उभा आहे. तिथे तू रडायला लागलीस. आधी तोंडावर ओढणी धरलीस, मग आवाज फुटला. चंदूनं बंद करायला हात पुढे केला तर म्हणालीस, 'राहू दे काका, लागू दे.' मग सगळेच रडले. भीमराजसुद्धा. लता मोरीत जाऊन तोंड धुऊन आली आणि आल्यावर पुन्हा रडली. दुःखाचं काही भावजींच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हे पोरीनंच सगळ्यांना बजावलंय, हेही बोलण्याच्या ओघात वहिनींच्या तोंडून निसटलं. हे सांगताना त्यांनी पुन्हा जुड्या बांधायला घेतल्या होत्या. निघताना त्यातली एक माझ्या पिशवीत घातली.

मला राग यायला हवा होता. माझी लेक दुसऱ्याच्या घरी जाऊन आपल्या आईसाठी रडते आणि मला ताप आल्याचं सांगते, ह्यावर बापाला राग येणं अगदी रीतसर झालं असतं. परतीच्या मेट्रोत मी रागाची वाट बघत बसलो होतो. मरोळ नाका गेलं, साकीनाका गेलं, राग आला नाही. असल्फाच्या पुढे एकदम दुसरंच काहीतरी आलं, आणि ते काय आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. तो हेवा होता. गंधाली, मला तुमचा हेवा वाटला. तुम्ही सगळे बसून माझ्या बायकोसाठी रडलात आणि मला बोलावलं नाहीत. हेवा ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण आई गेल्यापासून मला वाटलेली ती पहिली गोष्ट होती, म्हणून मी हलूनसुद्धा बघितलं नाही, उगाच निसटायची. घाटकोपरचा जिना उतरेपर्यंत ती गेलीच. रिक्षाच्या रांगेत उभा होतो तेव्हा पुन्हा सगळं पहिल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिजवाला लावला. शोधायला काही कष्ट पडले नाहीत, त्याच्यावर पुष्कळ लिहून आलंय. शिफारस करायची झाली तर अशी करीन: घोगरा गळा, एकच गिटार, तिची एक तार जराशी उतरलेली आणि ती त्यानं मुद्दाम तशीच ठेवलेली. दोनतीन गाण्यांत कुठूनतरी व्हायोलिन येतं आणि काम झालं की जातं. कुठेही ओरडणं नाही. फ्रिज सतत आहे. आपलाही फ्रिज चालू होता, त्यामुळे कुठली घरघर कोणाची ते कळत नव्हतं. चादरीचं गाणं ऐकलं. पुन्हा लावलं. काही झालं नाही. हनुवटीखाली धरली तर एकट्यालाही चादरीची घडी घालता येते, एवढंच मनात आलं. त्या गृहस्थाला कोणी सांगितलं नसावं.

पण ऐकताना एक गोष्ट मला दिसली, आणि ती मी आठवडाभर तपासून मगच लिहितोय. माझी मान सारखी खिडकीकडे वळत होती, आई बसायची त्या बाजूला. अल्बम समोरच्या स्पीकरमधून वाजत होता आणि मी बघत होतो तिकडे. मग लक्षात आलं की मी नेहमीच तसं ऐकत आलोय. तिचे शेंगा सोलणारे हात थांबले की मला समजायचं, इथे काहीतरी झालं, आणि मग मलाही व्हायचं. बरेचदा माझ्या डोळ्यांत पाणी यायचं ते गाण्यानं नाही, तिनं सुई तशीच धरून ठेवलीय हे बघून यायचं. लोकांना वाटायचं कान मधुकरचे आणि वर तोंडी लावायला कुंदाचा शेरा. प्रत्यक्षात मला काय वाटतंय हे मी तिच्या चेहऱ्यावरून उतरवून घ्यायचो. आता त्या बाजूला खुर्ची आहे आणि खिडकी आहे.

आणि मग मी मागचं आठवायला लागलो. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं होतं. तू मान हलवलीस, त्यांना दोन प्रश्न विचारलेस, अगदी मुद्द्याचे, आणि केतनला फोन लावलास. घरी आणल्यावर मी तुझ्याकडे बघितलं, तू आल्यागेल्यांच्या चपला बाजूला सरकवत होतीस. स्मशानातून आलो तेव्हा तू दारात पाणी घेऊन उभी होतीस आणि तुझे डोळे कोरडे होते. चंदू, लता, भीमराज, सगळे माझ्यासमोर कोरडे. मला सांभाळायला म्हणून तुम्ही सगळ्यांनी केवढं जपलंत. मी एकेकाचा चेहरा बघत होतो आणि कोणाच्याही चेहऱ्यावर काही झालेलं नव्हतं. त्यामुळे मला वाटलं, अजून काही झालेलं नसावं.

म्हणून हे पत्र. मंडळाला मी काही बोललेलो नाही, तूही बोलू नकोस, त्यांनी बिचाऱ्यांनी ट्रक शोधून शोधून आणलेत. तू एकटी ये. रविवारी नको, मधल्या एखाद्या दिवशी रजा टाकून ये. आपण जेवू, मग मी फ्रिजवाला लावीन. तू खिडकीकडच्या खुर्चीत बस. आणि रडू आलं की स्वयंपाकघरात जायचं नाही, ओढणी तोंडावर धरायची नाही, माझ्याकडे पाठ करायची नाही. मला धीर द्यायचा नाही. मी उठून पाणी आणीन की नाही, तुझ्या पाठीवर हात ठेवीन की नाही, मला सांगता येत नाही, कदाचित नुसता बघत बसेन. बघू दे मला. आई गेली हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही, गंधाली. तू येऊन सांग.

तुझाच,
बाबा